सोलांनी घासलेला दगड

मला घाण बघवत नाही. हा गुण की दोष यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. घोडपदेवच्या आमच्या चाळीत माझ्या दारासमोरची गॅलरी मी दिवसातून दोनदा पुसते आणि शेजारच्यांची एकदा, कारण त्यांनी पुसली तर ती मला परत पुसावी लागते. अशा बाईला दगड पुसायची नोकरी मिळाली, तर पुढे काय होणार हे कुणालाही सांगता आलं असतं. मला मात्र नाही आलं.

नोकरी म्हणजे कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. नमुने काढून द्यायचे, तास संपला की जागच्या जागी ठेवायचे, कपाटं झाडायची. नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी ही नोकरी मिळाली, पण तात्पुरती. अकरा महिन्यांचं पत्र यायचं, ते संपलं की मधे काही दिवस जीव टांगणीला, मग पुन्हा अकरा महिन्यांचं. घरात मी आणि सासूबाई, दोघींचं सगळं त्या पत्रावर चाललेलं. कायम व्हायचं तर विभागप्रमुखांची लेखी शिफारस लागते असं ऑफिसात कळलं होतं. आणि मी सांगतेय त्या वर्षी विभागप्रमुख असलेल्या मॅडम दीड वर्षात निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी येणारा माणूस मला कशाला ओळखेल? म्हणजे जे काय व्हायचं ते त्यांच्या हातूनच आणि त्या असेपर्यंतच.

मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत आणि शिवाजी पार्कला रोज सकाळी काठी टेकत एकच फेरी मारतात. तेव्हा काठी नव्हती. सुती साडी आणि खाली पोरांसारखे स्पोर्ट शूज, असा त्यांचा अवतार. बोलणं इतकं स्वच्छ की समोर उभी राहिले की मी आपोआप पदर सारखा करायचे. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'अहो' म्हटलं. ऑफिसातला शिपाई मला 'ए मावशी' म्हणून हाक मारायचा, मुलं नुसतं 'मावशी' म्हणायची. मॅडमचं 'अहो' ऐकून मला सुरुवातीला वाटायचं की मागे दुसरंच कुणी उभं आहे.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट बजावली होती. "दगड फक्त कोरड्या फडक्यानं पुसायचे. ओलं फडकंसुद्धा मला विचारल्याशिवाय लावायचं नाही." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं? मनात म्हटलं, दगडाला पाण्यानं काय होतंय, पावसात पडलेलेच असतात की जन्मभर.

प्रयोगशाळेत बहुतेक दगड काळे. आपल्या मुंबईच्या पोटात आहे तोच काळा पाषाण, कुठे बारीक, कुठे भोकाभोकांचा, कुठे त्या भोकांत पांढरे स्फटिक. पण काचेच्या कपाटात मधल्या खणात एक वेगळा दगड होता. ताटलीएवढी आडवी कापलेली चकती, वरून तुळतुळीत केलेली, आणि आत एकात एक वलयं, पिवळट, पांढरी, मधेच तपकिरी. मुलं त्याला 'मॅडमचा कांदा' म्हणायची. तो बस्तरचा होता. छत्तीसगडात बस्तरच्या जंगलात कांगेर खोरं नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, सगळा प्रदेश चुनखडीचा, आणि जमिनीखाली गुहा. मॅडम शिकत होत्या तेव्हा तिथे गेल्या होत्या. गुहेत पायऱ्या करताना एक खांब तुटून पडला होता, त्याचा हा तुकडा त्यांना रीतसर परवानगीनं मिळाला होता. छतातून पाणी ठिबकतं, प्रत्येक थेंब कणभर चुना ठेवून जातो, त्यातून खालून वर असा खांब उभा राहतो. माणसाच्या आख्ख्या आयुष्यात तो नखाएवढा वाढला तरी खूप. हे मी मॅडमच्या तासाला कपाट पुसता पुसता इतक्यांदा ऐकलं होतं की मला पाठ होतं. पाठ असणं आणि समजणं यात फरक असतो हे मला पुढे चांगलंच कळलं.

सोमवारी तपासणी समिती येणार होती. शनिवारी दुपारी मॅडम लवकर गेल्या आणि मी एकटीच राहिले. बाकं पुसली, काचा पुसल्या, नावाच्या चिठ्ठ्या सरळ केल्या. आणि मग माझी नजर त्या चकतीवर गेली. किती वर्षं, किती पिढ्यांच्या पोरांनी बोटं लावलेली. कडा काळपटलेल्या, मधला भाग पिवळा पडलेला. काळे दगड काळेच असतात, त्यांच्यावर मळ कळून येत नाही. पण हा पांढरा. मला तो देव्हाऱ्यातल्या न घासलेल्या समईसारखा दिसायला लागला.

आमच्याकडे समई, तांब्याचा तांब्या, पूजेचं ताम्हन, सगळं सोलांनी घासतात. सोलं म्हणजे कोकमाची आमसुलं. कढीत घातलेली सोलं सासूबाई टाकून देत नाहीत, वाडग्यात जमवतात, आणि आठवड्यातून एकदा मीठ लावून भांड्यांवर फिरवतात. तांबं-पितळ असं उजळतं की बघत राहावं. त्या दिवशी कॉलेजच्या नळाचा पितळी कॉक घासायला म्हणून मी डब्यातून थोडी सोलं आणलीच होती. कॉक चकाकला. सोलं उरली. पुढचं सांगायला नको, पण सांगते.

मीठ लावून मी तो दगड दोन्ही बाजूंनी चोळला. मग प्लास्टिकच्या टबात ठेवला, वर उरलेली सोलं पाण्यात कुस्करून ओतली आणि फरशी पुसायला गेले. मधे एकदा डोकावून बघितलं तर दगडाच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे. मला इतका आनंद झाला. म्हटलं, बघ, कसा मळ सुटतोय! अजून राहू दे.

तासाभरानं काढला. तुळतुळीतपणा गेलेला. हात फिरवला तर बोटांना खरखर लागली. मधोमध गुलाबी डाग पसरलेला, आणि कडेचं एक बारीक वलय, जे मुलं बोटानं मोजायची, ते जवळजवळ दिसेनासं झालेलं. पाण्यानं धुतला, पुसला, पंख्याखाली धरला. काही उपयोग नाही. डाग आत मुरला होता. मी काय केलं? मी तो उलटा करून, मुळातच खरखरीत असलेली मागची बाजू पुढे करून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि घरी येऊन गॅलरी तिसऱ्यांदा पुसली.

सोमवारी समितीतल्या एका साहेबांनी कपाटासमोर उभं राहून "वा" म्हटलं आणि पुढे गेले. माझा जीव भांड्यात पडला. पण मॅडमनी जाता जाता एकदा तिकडे बघितलं. समिती गेल्यावर त्यांनी माझ्याकडून किल्ली मागितली, कपाट उघडलं आणि दगड सरळ केला.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दगड खिडकीपाशी नेला, त्यावर अंगठा फिरवला, वास घेतला. मग चक्क जिभेचं टोक लावलं. भूगर्भवाले दगड चाटतात हे मी तोवर बघितलं होतं, तरी त्या क्षणी मला ते बघवलं नाही.

"आमसूल?" त्यांनी विचारलं.

मला रडू फुटलं. मी सगळं सांगितलं, समई, कॉक, वाडग्यातली सोलं. त्या स्टुलावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की खिडकीचा उजेड, हे मला आजही सांगता येणार नाही. मग डॉक्टर विचारतात तसं त्यांनी विचारलं, "बुडबुडे आले होते?"

"हो."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"मळ सुटतोय असं वाटलं, मॅडम."

त्यावर त्या हसल्या. खरंच हसल्या, पोट धरून. मी हात जोडून म्हटलं, "मॅडम, माझ्या त्या शिफारशीचं…" वाक्य पूर्ण करायची हिंमत झाली नाही.

"ते राहू द्या आता," त्या म्हणाल्या. "डिसेंबरात बस्तरची सहल आहे. या वेळी तुम्ही यायचं."

दरवर्षी त्या मला सहलीला बोलवायच्या. मुली बरोबर असतात, एखादी बाई लागते. आणि दरवर्षी मी नाही म्हणायचे. सासूबाई एकट्या. विधवा बाई पोरापोरींबरोबर जंगलात हिंडते हे चाळीला कसं दिसेल. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. मुंबई आणि मालवणजवळचं आमचं गाव, यांच्यापलीकडे मी कधी गेले नव्हते, आणि काही अडलं नव्हतं. पण या वेळी मी काय नाही म्हणणार? मी मनाशी पक्कं धरलं की ही माझी परीक्षा आहे. सहल नीट पार पडली तर शिफारस, नाहीतर अकरा महिने संपले की नमस्कार. मॅडमनी दगड कपाटातून काढून आपल्या टेबलाच्या खणात ठेवला आणि मुलांना सांगितलं की तो अभ्यासासाठी बाहेर काढलाय. खरं काय ते आम्हा दोघींनाच माहीत.

मधल्या दिवसांत त्या मला शिकवायला लागल्या. तास संपला की थांबवायच्या. ड्रॉपरनं सौम्य आम्लाचा थेंब काळ्या दगडावर टाकायला लावायच्या, काही होत नसे. मग चुनखडीवर टाकायला लावायच्या, फसफस. संगमरवरावर, फसफस. "तुमच्या घरी जमीन कसली आहे?" एकदा त्यांनी विचारलं. "शहाबादी," मी म्हटलं. "तीसुद्धा चुनखडीच." तेव्हा मी मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "हो ना, म्हणूनच तिच्यावर लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो. मी कुणाला खाली बसून लिंबू कापू देत नाही." आणि मग स्वतःचंच वाक्य माझ्या कानात शिरलं. मॅडम माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. वीस वर्षं मी घरच्या दगडाला आंबटापासून जपत होते आणि कॉलेजच्या दगडाला सोलांच्या पाण्यात बुडवून ठेवलं होतं.

सासूबाईंना सहलीचं सांगायला मला आठ दिवस लागले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"दगड बघूक इतक्या लांब?" त्या म्हणाल्या. "आपल्या गावाक दगड नाय आसत?"

"नोकरीचा प्रश्न आहे, आई."

"मगे आधी सांगूक काय झाला? जा गो. माझी पेज मी करीन. शेजारीण आसा, ती बघतली." मग थोड्या वेळानं, ताटातला खडा बाजूला काढत, "येताना माका पन एक दगड हाड. लहानसोच."

चाळीनं काय म्हणायचं ते म्हटलं असेल. सासूबाईंनी मला ते ऐकूच दिलं नाही, याबद्दल त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. इथे मानते.

रायपूरपर्यंत रेल्वे, तिथून दिवसभर बस, मग जगदलपूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यानात शिरलो. मला वाटलं होतं तिथे पांढरेशुभ्र दगड असतील, खडूसारखे. तसं काही नव्हतं. लाल माती, साल नावाची उंच सरळ झाडं, मधे बांबू, आणि मातीतून वर आलेले राखाडी कातळ. या कातळांवर पावसानं खोल चर पाडलेले, टोकं धारदार झालेली. काळा पाषाण झिजतो तेव्हा गोल होतो, गुळगुळीत होतो. हा झिजला होता तो कुरतडल्यासारखा. मी एका कातळाला बोट लावलं आणि ती खरखर मला ओळखीची वाटली. माझ्या दगडाला तासाभरात आली होती तीच.

वाटेत एक ओढा लागला, कोरडा. दगडगोटे होते, पाणी नव्हतं. पण मॅडमनी सगळ्यांना गप्प करून कान द्यायला सांगितलं तर खालून कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता. चुनखडीच्या मुलखात असंच, त्या म्हणाल्या. नदी चालता चालता एखाद्या भेगेत शिरते आणि जमिनीच्या पोटातून जाते. कुठे वरची जमीन खचून खड्डा पडतो, कुठे खाली दालनंच्या दालनं तयार होतात. आपल्या मुंबईचा काळा दगड जन्मायच्या कितीतरी आधी इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ बसत गेला, दडपला गेला, दगड झाला, वर उचलला गेला. मग त्यावर पाऊस पडायला लागला.

"पावसाचं पाणी हवेतून येताना थोडं आंबट होतं," मॅडम मुलांना सांगत होत्या, "आणि कुजलेल्या पानांच्या मातीतून जाताना आणखी आंबट. जिभेला कळणार नाही इतकं. पण दगडाला कळतं. ते चुना विरघळवत खाली जातं, आणि गुहेत थेंब लटकला की तोच चुना परत ठेवून देतं. वर खाल्लेलं खाली मांडतं." आणि मग माझ्याकडे न बघता, "सगळा हा प्रदेश आंबट पाण्यानं घासून केलेला आहे."

मुलांनी वहीत लिहून घेतलं. ते वाक्य कुणासाठी होतं हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. मला कळलं. जवळच्या कातळावरून मी पुन्हा एकदा हात फिरवला.

दुपारी गुहेशी पोचलो. मला वाटलं होतं मोठी कमान असेल. होती एक खडकातली फट, माणूस आडवा होऊन शिरेल एवढी, आणि आत उतरत्या अरुंद पायऱ्या, लोखंडी कठडा. मॅडमनी तिकीट खिडकीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची मागितली आणि फटीच्या तोंडाशी बसल्या.

"मॅडम, चला ना."

"गुडघे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलंय. इतक्या पायऱ्या आता नाही."

"मग आलात कशाला एवढ्या लांब?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पाठवायला." त्यांनी स्पोर्ट शूजची नाडी उगीच सारखी केली. "तुम्ही नीट बघा, आणि वर येऊन मला सांगा. मुलं मला पुस्तकातलं सांगतात. ते मीच शिकवलेलं असतं."

वाटाड्या तिथल्याच गावचा, पन्नाशीचा, हातात सोलरचा दिवा. उतरताना तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, "हाथ मत लगाना. हाथ का तेल लग गया तो पत्थर बढ़ेगा नहीं." आत गार असेल असं वाटलं होतं, पण दमट उबारा होता, दोन मिनिटांत अंगातून घाम निथळायला लागला. दिवा वर केला तेव्हा छत दिसलं. छताला सगळीकडे दगड लोंबत होते, काही बोटाएवढे, काही माझ्याहून उंच. एका भिंतीवर तर गच्चीवर कुरडया वाळत घातल्यासारखे पातळ पदर, उजेड त्यांतून आरपार. खाली खांब उभे. एका डबक्यात फिकट रंगाचे मासे, डोळे असून नसल्यासारखे, कारण तिथे उजेडाचं कामच नाही. मी आयुष्यात इतकी वर्षं वस्तू पुसल्या, पण तिथे माझा हात एकदाही फडक्याकडे गेला नाही. तिथे कुणीतरी आधीच अतिशय सावकाश काम करत होतं.

मॅडमनी सांगितलं होतं म्हणून मी एका थेंबासमोर थांबले. छतातल्या टोकाला तो जमत होता. जमत होता, जमत होता. मी श्वास धरून बघत राहिले, शेवटी श्वास सोडावा लागला, आणि त्यानंतर कधीतरी तो पडला. खालच्या खांबाच्या डोक्यावर, बरोबर मधोमध.

तेवढ्यात मागे एका मुलानं फोन वर धरला, दुसरा हात लोंबत्या दगडाकडे नेला. टोक चिमटीत धरून फोटो काढायचा होता त्याला.

"हात लावू नकोस रे!"

माझा आवाज गुहेत असा घुमला की वाटाड्यासुद्धा दचकला.

"मावशी, काय यार, एकच फोटो. फक्त टच करतो."

"मीही फक्त पुसलंच होतं," मी म्हटलं. आणि मग मी थांबले नाही. त्या अंधारात, दिव्यासमोर, विसेक मुलांपुढे मी सगळं सांगून टाकलं. समितीचा सोमवार, सोलं, मीठ, बुडबुडे, उलटा ठेवलेला दगड. "तुमचा मॅडमचा कांदा अभ्यासाला नाही गेलेला. मी खराब केलाय तो. जे इथं तयार व्हायला किती पिढ्या लागल्या ते मी तासाभरात घालवलं, तेही चांगलं करायला गेले म्हणून. तुझं तर नुसतं फोटोसाठी आहे."

लांब कुठेतरी एक थेंब पडला. त्या मुलानं हात खिशात घातला आणि बाहेर येईपर्यंत काढला नाही. मला मात्र पायऱ्या चढताना कळलं की मी काय करून बसले. आता हे कॉलेजभर होणार, प्राचार्यांपर्यंत जाणार. मॅडमनी झाकलेलं मी स्वतःच्या हातानं उघडं केलं होतं.

वर मॅडम तशाच बसलेल्या. मुलं चहाला पळाली. मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि सांगायला लागले. कुरडयांसारखे पदर सांगितले, मासे सांगितले, थेंब सांगितला. त्यांनी डोळे मिटले होते.

"उजव्या हाताला, दुसऱ्या दालनाआधी, कमरेएवढा एक आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या डोक्यावर खळगा होता."

"आहे. त्याच्यावरच थेंब पडला."

"खळग्यात पाणी होतं?"

"होतं, मॅडम. भरलेला होता."

"म्हणजे अजून वाढतोय." एवढंच म्हणाल्या, आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. तरुणपणी पाहिलेल्या एका खांबाची खुशाली त्या माझ्याकडून ऐकत होत्या. प्राध्यापक नाही, विद्यार्थी नाही, सोलं लावणारी मी. मला इतकं मोठं काम आजवर कुणी दिलं नव्हतं.

मग तो फोनवाला मुलगा चहाचा कप घेऊन आला. "मॅडम, मावशींनी आत सगळं सांगितलं. त्या दगडाचं."

मॅडमनी कप घेतला, एक घोट प्यायला आणि म्हणाल्या, "बरं. बसमध्ये बसा सगळे, उशीर होतोय."

मुंबईला परतलो. सासूबाईंना दगड दिला, उद्यानाबाहेरच्या रस्त्याकडेचा, साधासा. त्यांनी तो हातात फिरवून बघितला आणि "बरो आसा" म्हणून खिडकीत ठेवला. कॉलेज सुरू झालं. कुजबुज व्हायची ती झाली, मुलं मला बघून हसायची, पण वाईट नाही. जानेवारी गेला. मॅडम शिफारशीबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या आणि मला विचारायची हिंमत नव्हती. अकरा महिने मार्चमध्ये संपत होते. मी मनाची तयारी केली. लालबागला एका दवाखान्यात झाडायपुसायला बाई हवी आहे असं कळलं होतं, तिथे जाऊन बोलूनही आले.

फेब्रुवारीच्या शेवटी ऑफिसातून बोलावणं आलं. ज्या शिपायानं मला कायम 'ए मावशी' म्हटलं तोच या वेळी "अहो मावशी" म्हणाला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी वेगळं आहे. हेडक्लार्कनी पाकीट दिलं. मी कायम झाले होते. अक्षरं नाचत होती, मी तीनदा वाचलं. मग फाइलवर सही करायला दिली, तेव्हा वरच माझ्या शिफारशीचा कागद लावलेला होता, मॅडमच्या अक्षरात. कामात अत्यंत प्रामाणिक, स्वतःची चूक लपवत नाही, शिकायची तयारी, असं काय काय. लपवत नाही! मी लपवलंच होतं की. मला वाटलं गुहेतलं त्यांच्या कानावर गेलं म्हणून लिहिलं असेल. म्हणून तारीख बघितली.

तारीख मंगळवारची होती. समितीच्या सोमवारनंतरचा मंगळवार. मी स्टुलापाशी रडले त्याचा दुसरा दिवस. सहल व्हायला तेव्हा अडीच महिने होते.

मी कागद तसाच टेबलावर ठेवला आणि जिना चढून प्रयोगशाळेत गेले. मॅडम जर्नलं तपासत होत्या.

"तुम्ही हे तेव्हाच दिलं होतंत?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीत? मॅडम, मी किती रात्री झोपले नाही. मी दवाखान्यात नोकरी बघून आले!"

त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. "ते चुकलं माझं," त्या म्हणाल्या, "इतकं वाटलं नव्हतं मला." मग पेनाला टोपण घालून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण खरं सांगा. नोकरी पक्की आहे असं त्या मंगळवारी कळलं असतं, तर तुम्ही बस्तरला आला असतात?"

मी 'आले असते' म्हणायला तोंड उघडलं. पण समोर मॅडम होत्या आणि खोटं बोलवेना. नसते आले. या वर्षी नाही, पुढच्याही नाही, कधीच नाही. पेढे वाटले असते, गॅलरी पुसली असती, आणि जगात एवढं काही आहे हे न बघता मरून गेले असते.

"नसते आले," मी म्हटलं.

"म्हणून," त्या म्हणाल्या.

मॅडमना पाया पडलेलं आवडत नाही. कुणी वाकलं की त्या पाय खुर्चीखाली घेतात आणि रागावतात. त्या दिवशी मी वाकले तेव्हा त्यांनी पाय हलवले नाहीत.